बस वळेपर्यंत

लोणारच्या स्टँडवर ताईला मेहकरच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, "जाय ना बापा घरी आता, उन्हात काऊन उभा राह्यला?" मी हललो नाही. बस सुरू झाली, डिझेलचा धूर नाकात गेला आणि पोलंडमधला तो बसस्टॉप आठवला.

तिथल्या कारखान्यात माझी निम्मी हयात गेली. मारेक शेजारच्या मशीनवर असायचा. तो पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा मी त्याला सोडायला स्टॉपपर्यंत गेलो आणि बस निघेपर्यंत बर्फात उभा राहिलो. तिकडे निरोप दारातच घेतात. तो अवघडून म्हणाला, "मला रस्ता माहीत आहे रे." मी म्हटलं, "आमच्याकडे पाहुण्याला असंच सोडायला येतात."

पुढे काही वर्षांनी बाबा गेल्याचा फोन आला. कामावर कळवून, बॅग घेऊन खाली उतरलो, तर दाराशी मारेक. त्यानं बॅग घेतली. स्टॉपवर आमच्या तोंडची वाफ तेवढी हलत होती. बस निघाल्यावर मागच्या काचेतून पाहिलं. टोपी हातात धरून, केसांवर बर्फ झेलत तो उभा होता, बस वळेपर्यंत.

तेव्हा वाटलं, बिचारा माझी रीत पाळतोय. आज वाटतं, त्या दिवशी त्या शहरात माझ्या घरचं माणूस तेवढंच होतं.

गेल्या हिवाळ्यात मारेक वारला. त्याच्या मुलीचा फोन आला तोवर सगळं आटोपलं होतं.

मेहकरची बस केव्हाच वळली होती. मी तसाच उभा होतो.