स्लॅबचं जेवण

"सिस्टर, स्लॅबचं जेवण तुमच्याकडून नको. आम्ही आमचं बघून घेऊ."

गुत्तेदार माझ्याच प्लॉटवर, माझ्याच खुर्चीत बसून हे म्हणाला. आवाज अगदी मऊ. मांडीवर माझ्या घराचा नकाशा.

कुंभार पिंपळगावात आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. दिवाळीआधी त्या सोडायच्या आहेत. मी दवाखान्यात नर्स, नवरा शाळेत कारकून. प्लॉट घेतला, इंजिनिअरकडून नकाशा काढला, तीन गुत्तेदारांकडून कोटेशन मागवलं. हा गावातलाच, मोठ्या शेतीवाल्या घरातला. भाव सगळ्यांत कमी, काम चोख. शेजारच्या प्लॉटवर नवऱ्याच्या शाळेतल्या गुरुजींचं घरही तोच बांधणार होता, म्हणून आम्ही दोघांचे कागद ताडून पाहिले. गुरुजींच्या कागदावर शेवटची ओळ होती, 'स्लॅबच्या दिवशीचं जेवण मालकाकडं.' माझ्या कागदावर ती ओळच नव्हती. टाइप करताना राहिली असेल, असं मला वाटलं. वेडीच मी. त्याला बोलावून विचारलं.

आमच्याकडे स्लॅब पडला की मालक सगळ्यांना जेवू घालतो. पहिल्या पंगतीला गुत्तेदार आणि मिस्त्री, मग मजूर. ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"का नको?"

"माझं काही न्हाई हो. मजूर जेवायचे न्हाईत. उगं अन्न वाया जाईल. तुमच्याच भल्याचं सांगून राह्यलो."

आम्ही बौद्ध. पुढं विचारायची गरजच नव्हती. दवाखान्यात अख्ख्या वॉर्डाला दटावणारी मी, त्याला 'बरं' म्हणाले. त्याच्या बोलण्यापेक्षा मला माझ्या त्या 'बरं'ची लाज जास्त वाटते.

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. दिवाळी तोंडावर हाय. एकदा घर झालं की मंग कोण इचारतंय?"

मला एका जागी बसवेना. भात करपला. दूध उतू गेलं. आई आठवत राहिली. माहेरी तिनं कितीतरी घरांच्या स्लॅबवर घमेली वाहिली. जेवायच्या वेळी ती गोठ्याकडं एकटी बसायची, ताटली घरून नेलेली. तिच्या हातचं काँक्रीट चालायचं. त्या छपरांखाली लोक अजून निवांत झोपतात.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाण्याआधी मी गुत्तेदाराच्या चालू कामावर गेले. स्लॅब टाकणाऱ्या टोळीची मुकादम एक बाई आहे. तिला सरळ विचारलं, माझ्याकडं काम लागलं तर स्लॅबच्या दिवशी जेवाल का.

तिनं हातातलं घमेलं खाली ठेवलं. "बाई, आम्हाला कुणी इचारलंच न्हाई. दिवसभर राबल्यावर जेवायला कोण न्हाई म्हनंल?"

म्हणजे नाव मजुरांचं. पंगतीला बसायचं नव्हतं ते ह्याला. माझ्या पैशाचं सिमेंट चालणार होतं, माझी भाकरी नाही.

तो तिथंच होता. मी गेले त्याच्यासमोर.

"कागदावर ती ओळ घाला. खाली लिहा, पहिल्या पंगतीला गुत्तेदार स्वतः बसेल."

तो हसला. "असं कुठं लिहीत असतात का, सिस्टर? मला बी गावात राहायचंय."

"लिहा. न्हाईतर काम नको."

"मंग बघा दुसरा. ह्या भावात कुणी यायचं न्हाई."

बराबर बोलला. कुणी आलं नाही. उरलेल्या दोघांना मी कोटेशनसाठी नवं पत्र दिलं, ही अट सगळ्यांत वर. एक फोन उचलत नाही. दुसरा 'कळवतो' म्हणाला, त्याला महिना झाला. गुरुजींच्या घराचं जोतं वर आलं. माझ्या प्लॉटवर गवत. दिवाळीत आम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत असू, तीही मिळाली तर. नवरा मोजकंच बोलतो.

काल त्यानं पुढच्या गुत्तेदाराला द्यायचं पत्र समोर ठेवलं आणि अट खोडायला पेन पुढं केला. मी पेन घेतला. अटीखाली सही केली. पूर्ण नावाची, आडनावासकट.

आज ते पत्र जालन्यातल्या चौथ्या गुत्तेदाराकडं गेलं. तो नाही म्हणाला तर पाचव्याकडं जाईल. अट तीच राहील. ज्याला माझ्या घरी जेवायचं नाही, तो माझं घर बांधणार नाही.