पाखरांच्या बेटावरचा सत्कार

केरबाला माणसांचा तिटकारा होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही. पारावर चार टाळकी बसलेली दिसली की हा वाट वाकडी करून जाणार, आणि जाता जाता पुटपुटणार, "बुडाखालचा दगुड झिजला, पर ह्यांची तोंडं न्हाई झिजली." लोकही काही कमी नव्हते. त्यांनी त्याचं नाव 'जोडेवाला सुभेदार' ठेवलं होतं. आता सुभेदार तो कधीच नव्हता. अठरा वर्षं पलटणीत काढून शिपाई म्हणून गेला तो शिपाई म्हणूनच परत आला. आणि अठरा वर्षांत त्यानं राखण केली ती जोड्यांच्या गोदामाची. पासष्टची लढाई पेटली तेव्हा हा गोदामाच्या दारात, आणि एकाहत्तरची पेटली तेव्हा पेन्शन घेऊन घरात.

हे सगळं त्यानं गिळलं असतं. पण बहात्तर साली डोहवाडीनं गावातल्या फौजींचा सत्कार ठेवला. डोहवाडी म्हणजे आष्ट्यापासून चार मैलांवर, कृष्णेच्या काठाला, ऊस आणि सत्कार ही दोनच पिकं घेणारं गाव. पाणीपुरवठा सोसायटीचे चेअरमन हंबीरराव हे त्यातल्या दुसऱ्या पिकाचे मोठे बागायतदार. कुणाचा पोरगा मॅट्रिक होवो, कुणाची म्हैस प्रदर्शनात पहिली येवो, हंबीरराव शाल-नारळ घेऊन हजर आणि भाषण तासाभराचं. केरबा त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून स्टेजकडं निघाला, तर हंबीररावांनी सगळ्यांदेखत विचारलं, "केरबा, तू कुठं लढलास रं?"

"गोदामावर हुतो," केरबा म्हणाला.

"मग बस की जाजमावर. गर्दी कशाला करतोस?"

मांडव हसला. केरबा जाजमावर बसला आणि चौदा जणांच्या खांद्यावर चौदा शाली पडलेल्या त्यानं बसून बघितल्या. घरी आल्यावर बायकोला, चंद्राबाईला म्हणाला, "शाल म्हंजी काय, चार रुपयांचं फडकं. बुजगावण्याला घालावं असलं." चंद्राबाईनं ताट वाढलं. तिला नवऱ्याचा आवाज कळत होता.

पाखरांचं खूळ त्याच्या आधी एक वर्ष लागलं होतं. केरबाच्या दोन एकर उसाचं इंजिन नदीकाठाला होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की समोर वाळूचं बेट उघडं पडायचं, आणि त्यावर पाणपाखरं यायची. अंगानं पांढरी-राखी, डोक्याला काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय, शेपटीला दोन टोकं. पाण्यावर दगडासारखी पडायची आणि मासा घेऊन वर. घरटं म्हणाल तर वाळूत टाचेनं खड्डा करावा तेवढंच, आणि त्यात दोन-तीन ठिपक्यांची अंडी, उघडीबोडकी. एका सकाळी गावातलं कुत्रं पाणी ओलांडून गेलं आणि केरबाच्या डोळ्यांदेखत पाच खड्डे पुसून आलं. पाखरं त्याच्या डोक्यावर चोची मारत होती, कुत्रं मिटक्या मारत होतं. केरबा इंजिन तसंच सोडून कमरेएवढ्या पाण्यातून पळाला. जन्मात पहिल्यांदा काहीतरी राखायला मिळालं होतं जे खरंच कुणीतरी न्यायला येत होतं.

तेव्हापासून चार उन्हाळे त्याचा मुक्काम बेटावर. पाचटाची खोप घातली, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण ओढलं. कुत्री हाकलली, घारी हाकलल्या, पोहायला येणारी टोणगी हाकलली. वाळूला येणाऱ्या गाडीवानांना तर तो बैलांसकट उलटं फिरवायचा. "पाय ठेव, तंगडंच मोडतो" हे त्याचं 'या, बसा'. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दिडकी देत नव्हतं. गाव म्हणायचं, जोडं संपलं, आता अंडी.

चंद्राबाई भाकरी घेऊन यायची आणि टोमणे वाढायची. "घरात म्हस आटली, तिची इचारपूस न्हाई. हितं मातुर पाखरांचं सासरं हून बसलाय." पण नजर तिचीच तेज. एकदा भर दुपारी खोपीत बसल्या बसल्या तीच म्हणाली, "आवं, बगा की, ह्येंची पोटं वली हायत." पाखरू पाण्यावर जायचं, पोट भिजवायचं आणि येऊन अंड्यांवर बसायचं. इतर पाखरं अंडी उबवतात, ही बिचारी गार करत होती. वाळू तर अशी तापायची की जोडा काढायची सोय नव्हती. त्या दिवसापासून चंद्राबाई फुटक्या मडक्यांची खापरं आणून वाळूत तिरकी रोवायला लागली, पुढं पिल्लं निघाली की त्यांना सावलीला. टोमणे मात्र चालूच.

गावच्या शाळेतले जिनपाल मास्तर तेवढे माणसात जमा होते. त्यांनी मिरजेला कुणा जाणकाराला विचारलं आणि येऊन सांगितलं की ही पाखरं ह्या नदीवरून संपत चाललीत, असं राखलेलं बेट आसपास दुसरं नाही. मास्तरांच्या आईला, राजमतीबाईंना हे इतकं लागलं की त्यांनी दुसऱ्याच दिवशी पोतंभर ज्वारी पाठवली. पाखरांना दाणा टाकायचा त्यांच्या जैन घरचा नेम होता.

"मास्तर," केरबा म्हणाला, "ही मासं खात्यात."

मास्तरांचा चेहरा पडला. घरी जाऊन आईला काय सांगितलं देव जाणे, पण दोन दिवसांनी बाईंचा निरोप आला की ज्वारी परत नको, आणि पाखरं काय खातात ते परत कुणी सांगू पण नका. ज्वारी केरबाच्या कोंबड्यांनी खाल्ली.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात मास्तरांनी सांगलीच्या एका पेपरात चार ओळी लिहिल्या आणि तिथंच घात झाला. पेपरात गावाचं नाव आलं. हंबीररावांनी पेपर वाचला, आणि आजवर ज्या माणसाला पाखरू आणि पापड ह्यांत फरक कळत नव्हता, तो संध्याकाळपर्यंत 'पक्षी बचाव समिती'चा अध्यक्ष झाला. दुसऱ्या सकाळी समिती केरबाच्या दारात.

"केरबा, तुझा सत्कार करायचाय. तालुक्याचे मोठे साहेब येणार. सांगलीचा फोटोवाला येणार."

केरबा तोंड भरून शिवी देणार, असं चंद्राबाईला वाटलं. ती आत पीठ मळता मळता थांबलीसुद्धा. पण बाहेरून आवाज आला तो मऊ.

"कवा?"

"आयतवारी. बेटावरच करू. फोटोत पाखरं नगंत व्हय?"

त्या वर्षी बेटावर अकरा खड्डे होते आणि आठवड्याभरात अंडी फुटणार होती. केरबाला ते पुरतं ठाऊक होतं. त्यानं अटी घातल्या: सकाळी आठच्या आत उरकायचं, कुंपणापासून शंभर पावलांवर, कर्णा नाही, दहा मिनिटांत सगळे माघारी. हंबीररावांनी प्रत्येक अटीला मान डोलावली. मान डोलवायला त्यांचं काय जातंय.

रात्री चंद्राबाई म्हणाली, "गावात चावडीवर घ्या म्हनावं सत्कार. पाखरांच्या उरावर कशाला?"

"धा मिनिटाचा परश्न हाय," केरबा म्हणाला. इस्त्रीचा सदरा त्यानं आधीच काढून ठेवला होता.

ऐतवारी सहालाच समिती बेटावर आली. पाणी पायाच्या घोट्याला आलेलं, त्यामुळं खुर्च्या आल्या, जाजम आलं, कर्णा आला, आणि कर्ण्याच्या बॅटरीसाठी बैलगाडीसुद्धा आली. शंभर पावलांची चाळीस झाली, कारण फोटोवाल्याला पाखरं लांब दिसत होती. आठ वाजले. नऊ वाजले. साहेब इस्लामपुरात कुणाकडं तरी चहाला अडकले होते. पाखरं एकदा उठायची, एकदा बसायची. दहाला केरबा हंबीररावांकडं गेला.

"चेअरमन, ऊन वाढलं. ऱ्हाऊ द्या आज."

"आरं, साहेब वाटंवर हाईत. तू बस, फेटा बांधून घे."

आणि तो बसला. चार वर्षं ज्यानं गाडीवान, धनगर, पोरंटोरं कुणाला सोडलं नाही, तो आपल्या बेटावर, दुसऱ्याच्या खुर्चीवर, डोकं पुढं करून फेटा बांधून घेत बसला.

साहेब साडेअकराला आले आणि कर्णा सुरू झाला. सगळी पाखरं एकदम आभाळात उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत किंचाळायला लागली. हंबीरराव माइकवर म्हणाले, "बगा, पाखरंबी साहेबांच्या स्वागताला आलीत." टाळ्या झाल्या. पाखरं आणखी वर गेली. मग प्रास्ताविक, मग साहेबांचा परिचय, मग साहेबांना हार, मग हार घालणाऱ्यांना हार. सत्कारमूर्तीचं नाव सगळ्यात शेवटी. मे महिन्यातलं बाराचं ऊन, माणसाची सावली पायाखालीच गोळा झालेली. त्या उन्हात अकरा खड्ड्यांतली अंडी उघडी पडली होती, आणि पोटं भिजवून आलेल्या पाखरांना खाली उतरायला कर्णा देत नव्हता.

खुर्चीच्या मागून चंद्राबाई वाकली. "आवं, उठा की. हाकला सगळ्यांस्नी. तुमचंच ऐकत्यात."

केरबाला हे सगळं दिसत होतं. मिनिटं तो बोटांवर मोजत होता. पण साहेबांचं भाषण आता संपणार, मग हंबीररावांचे दोन शब्द, मग त्याचं नाव. आजवर ह्या गावानं त्याचं नाव माइकवर घेतलं नव्हतं. एकदा नाव होऊ दे, शाल पडू दे, मग एकेकाला पाण्यात घालतो, असा त्यानं मनाशी हिशेब केला.

"थांब जरा," तो म्हणाला. "आता नाव पुकारत्यात."

चंद्राबाईनं त्याच्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मग ती वळली, पदर पाण्यात बुडवला आणि कुंपणाच्या फांद्या सारून आत गेली. सगळ्यात जवळच्या खड्ड्यापाशी ती गुडघ्यांवर बसली आणि ओला पदर दोन्ही हातांनी अंड्यांवर धरला. दोन हातांत एकच खड्डा मावत होता. तापलेल्या वाळूत तिचे गुडघे भाजत होते, पण ती हलली नाही.

हंबीररावांचे दोन शब्द पाऊण तास चालले. सव्वा वाजता शाल पडली. जाड, लोकरीची, मे महिन्यात. केरबानं फोटोसाठी मान ताठ केली.

लोक गेल्यावर पाखरं खाली उतरली आणि जसं काही घडलंच नाही अशी अंड्यांवर बसली. केरबा खोपीत बसून राहिला. आठवड्यानं एका खड्ड्यात हालचाल दिसली. चंद्राबाईच्या खड्ड्यात. तीन पिल्लं निघाली, वाळूच्याच रंगाची, आणि धावत खापराच्या सावलीला गेली. बाकीच्या दहा खड्ड्यांवर पाखरं बसूनच होती. पाण्यावर जात होती, पोट भिजवत होती, परत येऊन बसत होती. पंधरा दिवस बसली. केरबा रोज बघायचा, आणि घरी येऊन जेवायचा नाही. मग नदीला पाणी आलं आणि बेटच गेलं.

पेपरात फोटो आला. वर 'पक्ष्यांचा राखणदार', खाली केरबा, साहेब आणि हंबीरराव, आणि मागं आभाळभर पाखरं. फोटोवाल्यानं समितीला विचारलं होतं म्हणे, कडेला एक बाई वाकलेली आलीय, तिचं काय करू. हंबीरराव म्हणाले, काप.

केरबा एस. टी.नं सांगलीला गेला, फोटोवाल्याकडून न कापलेली प्रत घेतली आणि फ्रेम करून सोप्यात लावली. चंद्राबाई म्हणाली, "हे कशाला आनि?" त्यानं फ्रेम सरळ केली. टोमणा मारायला तिला त्यानं जागाच ठेवली नव्हती.

पुढं किती वर्षं पाहुणेरावळे यायचे, फोटोपाशी थांबायचे. काय पाखरं आलीत म्हणायचे. फेट्यात केरबा ओळखू येत नाही म्हणायचे. एकदा आष्ट्याचा एक सोयरा चष्मा पुसून बघत राहिला आणि म्हणाला, "कडंला ही कोन बाई हाय हो? काय येचतीया?"

"राखणदार हाय ती," केरबा म्हणाला. "पेपरवाल्यांनी नाव चुकून खुर्चीवरच्याचं छापलं."