एकबारी की पाचबारी

माझी ताई माझ्या रायफलीच्या गोळीनं मरता मरता राहिली. रायफल माझी, गोळी मी भरलेली, चाप मात्र दाजींनी ओढलेला. एवढी वर्षं झाली, तरी तो दिवस आठवला की दुःख आणि लाज मागून येतात. आधी मी नुसता थक्क होतो. आमच्यासारख्या जपून वागणाऱ्या माणसांकडून हे झालंच कसं?

आमची शेती वडगाव रासाईला, भीमेच्या काठाला. ऊस आणि भुईमूग. उसात कोल्हे, भुईमुगात डुकरं. पिकाच्या राखणीसाठी म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परवाना काढला आणि शिरूरच्या एका ओळखीच्या बागायतदाराची जुनी टूटू घेतली. पॉइंट टू टू बोअरची बोल्टची रायफल, पण एवढं लांबलचक नाव कोण घेणार? सगळे टूटूच म्हणायचे. ती एकबारी होती. बोल्ट मागं ओढायचा, एक काडतूस घालायचं, बोल्ट पुढं सारून आडवा पाडायचा आणि चाप ओढायचा. दुसरा बार काढायचा तर सगळं पहिल्यापासून. काडतूस बोटाच्या पेराएवढं, गोळी शेंगदाण्याएवढी. आबा ती तळहातावर घेऊन म्हणायचे, "ह्यानं डुक्कर कशाचं मरतंय? डुक्कर हसंल!" डुक्कर मरायचं नाही, पण आवाजानं पळायचं, आणि आम्हांला तेवढंच पाहिजे होतं.

दाजी, म्हणजे ताईचा नवरा, मूळचे खुटबावचे. दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. परदेशी निघालेल्या एका इंजिन ड्रायव्हरकडून त्यांनीही एक टूटू घेतली, खुटबावच्या शेतीच्या नावावर. ती पाचबारी. पोटाखाली पाच काडतुसांची मॅगझिन, बोल्ट ओढला की पुढचं काडतूस आपोआप वर. पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा माझा जळफळाट झाला, हे कबूल करतो. बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा चालायचा. दाजी त्याला लोको शेडचं तेल द्यायचे. मी माझीला खोबरेल द्यायचो. थंडीत ते थिजायचं आणि बोल्ट ओढता ओढता माझा दम निघायचा.

"मेव्हणं, रायफल हाय का बाईचा आंबाडा?" दाजी हसत विचारायचे.

मग आमची जुंपायची. दाजी आले की आम्ही नदीच्या कडेला जायचो, दरडीत आगपेट्या खोचायच्या आणि पन्नास पावलांवरून नेम धरायचा. माझी लांब नळीची, जड, पण नळीच्या टोकावरची माशी जिथं धरावी तिथंच लागायची. त्यांची हलकी आणि चपळ, पण तिसऱ्या बारानंतर उजवीकडं जायची. दाजींना ते पटायचं नाही. म्हणायचे, वारा हाय. वारा त्यांच्याच वेळेला कसा सुटायचा कोण जाणे. वजन झालं, नेम झाला, माशी झाली, बोल्ट झाला. कुणाचा चाप हलका हा वाद मात्र मिटत नव्हता.

एवढं सगळं असलं तरी दाजी जपणारे होते. रायफल हातात घेतली की आधी मॅगझिन काढायचे, बोल्ट ओढून आत बघायचे, आणि दुसऱ्याची असली तर विचारल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाहीत. मीही तसाच. आबांचा घरात एकच कायदा होता, की रायफलीची नळी नेहमी जमिनीकडं. शेतातून परत आलो की गोठ्यातूनच त्यांची हाक यायची, "खाली हाय का रं?" आणि मी म्हणायचो, "खाली हाय!" दिवसातून दोन-तीनदा हे व्हायचं. पुढं पुढं मी प्रश्न नीट न ऐकताच उत्तर देऊ लागलो.

तिकडं लोको शेडची बोली अर्धी हिंदी झालेली. तिथं रिकाम्या डब्याला खाली डबा म्हणायचे. दाजीही घरी तसंच बोलायचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते ताईला म्हणाले, "चहाचा डबा खाली हाय." ताई बिचारी जमिनीवर डबा शोधत बसली. फळीच्या खाली बघितलं, खाटेच्या खाली बघितलं. ही गोष्ट ती माहेरी आली की पदर तोंडाला लावून सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. म्हणजे दाजींच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. ते ठाऊक असूनही ती वेळ यावी, याचा धक्का मला सगळ्यांत मोठा आहे.

त्या वर्षी दसऱ्याला ताई आणि दाजी आमच्याकडं आले होते. दाजींनी पाचबारी कापडात गुंडाळून एस.टी.नं आणली होती, चापाचा निकाल एकदाचा लावायला. खंडेनवमीला सकाळी आबांनी पडवीत पाट मांडले. विळे, कोयता, कुऱ्हाड, पहार, मोटारीचे पाने, दाजींचा शेडमधला एक जाडजूड पाना, आणि मधोमध दोन टूटू शेजारी शेजारी. हळदीकुंकू, झेंडू, उदबत्ती.

आमच्या घरात एक रीत होती. रिकामं हत्यार पुजायचं नाही. देवापुढं रिकामं ताट ठेवतो का? सुवासिनीची ओटी रिकामी धाडतो का? मग रायफल रिकामी कशी ठेवायची, असं आबांचं म्हणणं. त्यामुळं पूजेआधी मी एकबारीत एक काडतूस घालून बोल्ट पाडायचो आणि पूजा झाली की काढून घ्यायचो. दरवर्षीचंच काम. दाजींनी आपली पाचबारी मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, रिकामी करून पाटावर ठेवली. आबांच्या कपाळाला आठी पडली ती मी बघितली. पण जावयाला कोण बोलणार? सणावाराला घरी आलेला जावई, त्याला पूजा शिकवायची? आबा गप्प बसले. मीही गप्प बसलो. त्या मानपानात आमच्या रायफलीत गोळी आहे हे दाजींना कुणी सांगितलंच नाही.

आरती झाली, आबा गोठ्याकडं गेले. ताई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. आमचं घर तेव्हा शेतातल्या वस्तीवरचं, वर पत्रा आणि पडवी व स्वयंपाकघराच्या मधे तुराट्यांचा, शेणानं सारवलेला कूड. कुडावर कमरेएवढ्या उंचीवर खिळ्याला एक कॅलेंडर लटकत होतं. भाकरीचा थपथप आवाज पलीकडून येत होता.

दाजी म्हणाले, "आणा तुमची. आता चापाचं बघूच."

मी पाटावरून एकबारी उचलली. नळी जमिनीकडं ठेवून, शहाण्या माणसासारखी, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरली. काडतूस काढायचं माझ्या मनात होतं, अगदी पुढच्याच क्षणी काढणार होतो. माझ्या रायफलीला काढून बघायला मॅगझिन नव्हती आणि तिचा जड बोल्ट ओढायचा त्यांना कंटाळा होता, म्हणून दाजींनी नेहमीप्रमाणे विचारलं.

"मेव्हणं, खाली हाय ना?"

मी नळीकडं बघितलं. नळी जमिनीकडंच होती.

"व्हय, खाली हाय."

त्यांनी रायफल घेतली, खांद्याला लावली, कॅलेंडरवर माशी धरली आणि हळूच चाप ओढला.

आवाज काही फार मोठा नव्हता. पत्र्याखाली जरा घुमला इतकंच. कॅलेंडरमध्ये पेन्सिल घुसेल एवढं भोक पडलं. धुराची एक बारीक रेघ वर गेली. दाजींचं तोंड उघडं राहिलं. ते रायफलीकडं असे बघत होते, जशी काही ती मधेच बोलली असावी.   मला काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नव्हतं कारण पलीकडचा भाकरीचा आवाज थांबला होता.

इथून पुढचं लिहिताना मला स्वतःवर विश्वास बसत नाही, पण घडलं ते असं.

दाजी म्हणाले, "तुम्ही खाली हाय म्हणला!"

मी म्हणालो, "नळी! नळी खाली हाय म्हणलो मी!"

"नळी कोण ईचारतंय? गोळी ईचारली मी. मी ईचारल्याबिगर हात लावतो का कवा?"

"मग रिकामी हाय का म्हणायचं! मराठीत बोलायचं!"

"आन् पूजंला कुणी गोळी भरतं व्हय? येडे का खुळे तुम्ही?"

"आमच्यात भरत्यात!"

"सांगायचं मग!"

"तुम्ही जावई, तुम्हांला कोण सांगणार?"

आम्ही भांडत होतो.  दाजींच्या हातात अजून रायफल होती, नळी आता मात्र जमिनीकडं. चूक कुणाची हे ठरल्याशिवाय जणू पाऊल उचलायची परवानगी नव्हती. खरं सांगायचं तर पाऊल उचलायची आमची छाती नव्हती. कुडाच्या पलीकडं काय असेल ते बघायला लागू नये, म्हणून आम्ही एका शब्दाचा कीस काढत उभे होतो. हे मला तेव्हा कळलं नाही. किती वेळ गेला तेही सांगता येणार नाही. भाकरी करपल्याचा वास पडवीत येईपर्यंतचा वेळ तर नक्कीच गेला.

बार ऐकून बिथरलेली जनावरं आवरून आबा गोठ्यातून धावत आले. त्यांनी आम्हां दोघांना काही विचारलं नाही. कॅलेंडरकडं बघितलं, आणि फक्त म्हणाले, "पोरगी कुठं हाय?"

तेव्हा आम्ही हललो.

ताई चुलीपुढं बसलेली होती. पडलेली नव्हती, बसलेली. तव्यावर भाकरी काळी ठिक्कर. उजव्या हाताला पीठ तसंच. डाव्या खांद्याखालून चोळी भिजत चालली होती आणि ती त्याकडं बघत नव्हती, समोर कुडाकडं बघत होती. शेंगदाण्याएवढी गोळी. जिला आम्ही हसत होतो ती. कॅलेंडर, कूड आणि माझी बहीण, तिघांत ती घुसली आणि शेवटी हाडापाशी अडकली. दाजींनी ताईला नुसतंच उचललं. 

तळेगाव ढमढेऱ्याला भाजी घेऊन निघालेली एक जीप रस्त्यावर मिळाली. वांग्याच्या पाट्या आम्ही भराभर उतरवल्या. तळेगावच्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं आणि पुण्याला घेऊन जा म्हणाले. रस्ताभर दाजी ताईचं डोकं मांडीवर घेऊन एकच वाक्य पुटपुटत होते, "मी ईचारलं व्हतं, मी ईचारलं व्हतं."  मनात माझंही तेच चाललं होतं, मी खरं तेच सांगितलं होतं.

पुण्यात गोळी काढली. ताई वाचली. डावा हात मात्र खांद्याच्या वर कधी गेला नाही. पुढं वेणी घालायला तिला दुसरं माणूस लागायचं, आणि बहुतेक वेळा ते काम दाजीच करायचे. पोलिस आले, जबाब झाले. ताईनं सांगितलं, अपघात झाला, कुणाची तक्रार नाही. दोन्ही टूटू पोलिसांनी जमा करून घेतल्या. त्या परत मिळवायला दाजीही गेले नाहीत आणि मीही गेलो नाही. एकबारी की पाचबारी हा वाद आम्ही पुन्हा कधी काढला नाही.

पण मला जे सांगायचं आहे ते दवाखान्यातलं. आठवडा झाला असेल. दाजी चहा आणायला बाहेर गेले होते. मी खाटेशेजारी बसलो होतो. बोलायचं काय म्हणून मी पुन्हा तेच सुरू केलं. ताई, तुला तर ठाऊक आहे ते कसं बोलतात, आबा कसं विचारतात, खाली म्हटल्यावर मला वाटलं की... मी बरंच बोललो. मला तिच्याकडून काय ऐकायचं होतं कोण जाणे. बहुतेक, तुझी काही चूक नाही, एवढंच.

ताईनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "ऐकलंय मी ते समदं. कुडाच्या पल्याडच बसले व्हते की. तुमचं दोघांचं शब्द न् शब्द ऐकू येत व्हतं."

ती पुढं सांगू लागली.

"लागलं तवा दुखलं न्हाई. नुसतं गरम लागलं. मला कळंना काय झालं. म्हणलं, आता हे हाक मारतील, न्हाई तर तू मारशील. मी वाट बघत व्हते. तुमचं आपलं चाललंय, तू म्हणला न् मी म्हणलो. कुणी हाकच मारंना."

तिनं उजव्या हातानं चादर जरा वर ओढली.

"तवा मला वाटलं, मी मेले."