खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात उज्वला सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. घर मखमलाबादला, वडील झेंडू आणि शेवंती लावतात. ती याच कॉलेजात शिकली. तिला कॉम्प्युटर शिकवणारे यादव सर आता परीक्षा विभागाचे प्रमुख आहेत. मागच्या वर्षी या दोघांचं बिनसलं ते एका सर्व्हरवरून.

तेव्हा प्रत्येक विभागाचा सर्व्हर स्वतंत्र होता. ग्रंथालयाचा वेगळा, हॉस्टेलचा वेगळा, परीक्षेचा वेगळा. बहुतेक मशिनं दिवसभर जवळजवळ रिकामी बसत; वीज आणि एसी मात्र पुरेपूर खात. उज्वलानं प्राचार्यांपुढे मांडलं की दोन दणकट मशिनं घेऊ आणि जुने सगळे सर्व्हर सॉफ्टवेअरच्या रूपात त्यांच्यावर चालवू. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. विभागांना फरक जाणवणारही नाही, असं ती म्हणाली.

यादव सरांना लगेच जाणवला.

"म्हणजे माझा निकालाचा डेटा मेसच्या मेनूशेजारी?"

"सर, आमच्याकडे एका विहिरीवर चार भावांचं रान भिजतं. ज्याचा त्याचा वॉल्व्ह वेगळा. काकांचं पाणी आमच्या वाफ्यात येत नाही."

"आणि विहीर आटली तर?"

"म्हणून तर दोन मागितल्यात."

"वर्गात होतीस तेव्हा इतकी बोलत नव्हतीस."

प्राचार्यांनी मधला मार्ग काढला. दिवाळीपर्यंत सगळ्यांचं काम नव्या मशिनांवर चालेल. सरांचा जुना सर्व्हर मात्र जागेवर तयार राहील. तोवर एकदा जरी काम थांबलं, तर योजना गुंडाळायची. उज्वलानं अट मान्य केली.

खंडेनवमीला कॉलेजात वर्कशॉपमधल्या लेथ मशीनपासून बसपर्यंत सगळ्याची पूजा होते. त्या दुपारी परीक्षेचे ऑनलाइन फॉर्म येत होते. उज्वला यादव सरांच्याच केबिनमध्ये बसली होती. तिच्या फोनवर इशारा आला: पहिलं मशीन बंद. ती उठून धावली. सर्व्हर रूममध्ये शिपाई हिरामण मशीनला हळदकुंकू लावत होता.

"हिरामणभाऊ, हे बंद कुणी केलं?"

"म्याच. बटन दाबलं."

"का?"

"चालू अवजाराची पूजा अस्ती का मॅडम? औत काय चालता चालता पुजतो आपण? दरसाली असंच करतो."

खरंच होतं. पूर्वी एकेका विभागाचा सर्व्हर पूजेपुरता बंद व्हायचा आणि कुणाचं काही अडायचं नाही. नव्या मशिनांना कशापासून जपायचं, याच्या उज्वलाच्या सूचनापत्रात वीज, पाणी, आग, सगळं होतं. पूजा नव्हती. तिच्या घरी त्या दिवशी पाण्याची मोटारसुद्धा लावत नाहीत, तरी तिला सुचलं नव्हतं.

मागोमाग धापा टाकत यादव सर आले. "थांबलं ना?"

उज्वलानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. बंद होता होता पहिल्या मशीननं आपल्यावरचे सगळे सर्व्हर दुसऱ्यावर पाठवून दिले होते. तशी सोय तिनं आधीच करून ठेवली होती. फॉर्म येतच होते.

सरांचा पडद्यावर विश्वास बसेना. त्यांनी विभागात फोन लावला. "फॉर्म घेताय ना? मध्ये अडकलं होतं का? नाही? नीट आठव." फोन खिशात ठेवून ते उज्वलाकडे वळले. "मुद्दाम करून दाखवलंस?"

"नाही सर. मुद्दाम करायची हिंमत नव्हती."

हिरामणनं हळदीची वाटी उचलली. "दुसऱ्याचीबी पूजा राह्यलीय. बंद करू?"

"नको!" दोघं एकदम ओरडले.

ही गोष्ट सांगताना उज्वलाला अभिमान वाटतो आणि तो ती लपवत नाही. सगळ्यात जास्त अभिमान सरांच्या पुढच्या दोन वाक्यांचा.

"हिरामण," सर म्हणाले, "आमचा जुना सर्व्हर आजच काढून टाक."

"पण दिवाळीपर्यंत ठेवायचा ठरला होता ना, सर?" तिनं विचारलं.

"पेपर तपासून झाल्यावर निकाल कशाला अडवायचा?"