मृत मानलेल्याचं कुंकू

युद्धाच्या बातम्यांत माणसं मरत नाहीत, ‘हानी’ होते. कधी किरकोळ, कधी मोठी. इंदिरानगरच्या मेट्रोखाली मी युद्धविरोधी पत्रकं वाटायचे, त्यांत ठणकावून लिहायचे: मेलेल्याला मेला म्हणा! दाजींच्या बाबतीत मात्र लष्करच तसं म्हणायला तयार नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सीमेवरच्या एका चकमकीत ते नदीत पडले. सोबतच्यांचे देह मिळाले, त्यांचा नाही. यशवंतपूरच्या आमच्या घरी एक अधिकारी आले, टोपी मांडीवर ठेवून बसले. ‘मिसिंग, बिलीव्हड किल्ड,’ म्हणाले. बेपत्ता, ठार झाल्याचं मानलेला.

‘मानलं कुणी?’ ताईनं विचारलं.

त्यांचा चहा तसाच निवला.

आईला वाटायचं, विधी उरकून घ्यावा. देह नसला तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. ‘किती दिवस त्याला ताटकळत ठेवायचं गं?’

‘आणि परत आले तर? जिवंत माणसाला जाळू मी?’

ताई रोज कुंकू लावायची आणि आई मान फिरवायची. गल्लीतली माणसं आमच्या दारावरनं जाताना आवाज खाली करायची. मला भयंकर संताप यायचा. कुंकवाचा, लष्कराचा, सगळ्यांचाच. पण मेलेल्याला मेला म्हणा असं छापणारी मी, तो शब्द ताईसमोर माझ्या तोंडून कधी निघाला नाही.

‘नवरा असो नसो, कुंकवाचा एवढा बाऊ कशाला?’ एवढंच एकदा सुनावलं.

‘तुझ्या पत्रकात छाप ते,’ ताई म्हणाली. ‘आणि डाळ बघ, करपतीय.’

श्रावणात वरमहालक्ष्मीचा शुक्रवार आला. इथं त्या दिवशी घरोघरच्या सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावतात. समोरच्या कन्नड अक्का दरवर्षी पहिलं बोलावणं ताईलाच द्यायच्या. यंदा त्या दारातच थबकल्या. आईकडं बघत म्हणाल्या, ‘संध्याकाळी या हं, तुम्ही...’ ताईकडं बघायचं त्यांनी टाळलं.

मी त्यांना फैलावर घ्यायला पुढं झाले, तोच ताई उठली.

‘अक्का, मलाही बोलवा की. यंदाच्या वर्षी तरी.’

‘बा तंगी, बा,’ म्हणत अक्कांनी तिला जवळ ओढलं. ये गं, धाकटे, ये.

संध्याकाळी ताई दाजींनी आणलेली जांभळी साडी नेसली. कुंकू लावताना अक्कांनी चिमूट इतकी भरून घेतली, की थोडं नाकावर सांडलं. एरवी असं सांडलं की बायका नवऱ्याच्या प्रेमावरून चिडवतात. त्या दिवशी सगळ्या ताटातल्या केळ्यांकडं बघत बसल्या.

घरी आल्यावर ताईनं ते पुसलं नाही. मग आईला म्हणाली,

‘पितृपक्षाआधी भटजींना बोलव. पुतळ्याला ह्यांचा स्वेटर घालायचा मात्र. तिकडं नदीचं पाणी फार गार असतं.’