कोठीची खिडकी

कापडावर काढलेली शाईची रेघ रबरानं जात नाही. आमच्या कामात मूळ नकाशा खळ दिलेल्या पातळ, निळसर कापडावर काढत. त्यावरची चूक दुरुस्त करायची तर दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा घेऊन ती रेघ हलक्या हातानं खरवडावी लागे. हात जड पडला की कापड फाटलं, आणि आठ दिवसांचं काम पाण्यात. माझा हात जड पडत नसे. आमचे साहेब चारचौघांत म्हणायचे, "याचं काढणं राहू द्या, खोडणं बघा." मी मान खाली घालून हसायचो आणि घरी जाऊन आईला ते वाक्य जसंच्या तसं सांगायचो. त्या हाताचा मला किती गर्व होता, ते आता लिहितानाही शरम वाटते.

सांगलीत हळदीच्या एका वखारीवर आमचं ऑफिस होतं. साहेब मुंबईला शिकून आलेले. घरांचे, शाळांचे नकाशे करत. मी त्यांचा ड्राफ्ट्समन. खालची हळद जिन्यानं वर यायची. फूटपट्टीवर, कागदांवर, चहाच्या कपावर पिवळी पूड. सगळं लग्नघरासारखं पिवळं आणि आम्ही दोघं मात्र सुतकात असल्यासारखे, कारण लढाई चालू होती. सिमेंट परमिटवर, लोखंड दृष्टीलाही पडेना. महिना महिना गिऱ्हाईक फिरकत नसे. साहेब जुनेच नकाशे काढत, झटकत आणि पुन्हा गुंडाळून ठेवत.

अशात साताऱ्याचे एक वकील घर बांधायला निघाले. दगड-चुन्याचं, सिमेंटवाचून होणारं घर. साहेबांनी त्यात जीव ओतला. स्वयंपाकघरामागे दहा बाय आठची एक खोली होती. नकाशात तिच्यावर 'कोठी' असं लिहायचं ठरलं. पण ती कशासाठी, हे वकिलीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. ती बाळंतिणीची खोली. असलं काही कुणी नकाशात लिहीत नसे. साहेबांनी तिला पूर्वेकडे तीन फूट बाय चार फुटांची खिडकी दिली.

नकाशा दाखवायला आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. वकिलीणबाई आतल्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. कोठीपाशी बोट आलं तशा म्हणाल्या, "तिथं खिडकी नको."

साहेबांनी उजेड सांगितला, हवा सांगितली. वकील आढ्याकडे बघत राहिले.

"बाळंतिणीला वारा लागता कामा नये," बाई म्हणाल्या. "माझी दोन मुलं वाऱ्यानं गेली."

साहेबांनी पुन्हा हवा सांगितली. बाईंनी पुन्हा तेवढंच सांगितलं, "माझी दोन गेली." आवाज चढला नव्हता. साहेबांनी नकाशा गुंडाळला.

सांगलीला परत आल्यावर साहेब दिवसभर जुने नकाशे झटकत बसले. संध्याकाळी म्हणाले, "खोडा ती खिडकी. आलेलं काम घालवून चालायचं नाही." मी पातं घेतलं. भिंतीच्या दोन रेघा तशाच ठेवून मधली खिडकी तेवढी काढली. समोरचा चहा निवायच्या आत काम झालं. खरवडलेल्या जागी पुन्हा रेघ काढायची असेल तर ती जागा शंखजिऱ्यानं घोटावी लागते, नाहीतर शाई फुटते. मी घोटली नाही. तिथं पुन्हा काही काढायचंच नव्हतं. साहेबांना वाईट वाटत होतं. मला मात्र, खरं सांगायचं तर, हात छान चालला याचा आनंद झाला होता.

घर पुरं व्हायला दोन वर्षं लागली. कामावर देखरेखीला मी जात असे. आगगाडीनं सातारा रोड स्टेशनात उतरायचं, मोटारीनं गावात जायचं, दोन दिवस राहायचं. वकिलांचा धाकटा मुलगा तिथल्याच शाळेत मास्तर होता. एकदा जेवायला वाढताना वकिलीणबाईंनी माझ्या बहिणीची चौकशी केली.

आमचे वडील नव्हते. धाकट्या बहिणीचं लग्न माझ्याच डोक्यावर. लोक मुलाचा पगार बघतात, स्वभाव बघतात, घराण्याची कुजबुज कानावर घेतात. मी शहाणा, मी घर बघितलं. आईला म्हणालो, "मुलगा बघू सावकाश, घर मला पाठ आहे." जोतं किती उंच, विहीर किती पावलांवर, सोप्यात ऊन किती वाजेपर्यंत राहतं, सगळं आईला सांगितलं. नशिबानं मुलगाही चांगला निघाला. त्याला बोल लावायला जागा नाही.

लग्न ठरलं त्या दिवशी मी खडूनं जमिनीवर बहिणीला घर काढून दाखवलं. ती उकिडवी बसून एकेका खोलीवरून बोट फिरवत होती. "आणि हे काय?"

"कोठी."

"केवढी मोठी रे दादा, कोठी!"

"घरच मोठं आहे," मी म्हणालो.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे झालं. आमच्या मधल्या खोलीला गल्लीकडची खिडकी होती. आईनंही शेक दिला, ओवा-शेपाची धुरी दिली, सगळं केलं. मुलगी झाली. सव्वा महिन्यानं माझी बहीण गालावर तकाकी घेऊन साताऱ्याला परत गेली.

दुसरं बाळंतपण सासरी. लढाई संपून दोन वर्षं झाली होती. पौषातली थंडी होती. मुलगा झाल्याचं कळलं तसा मी आठव्या दिवशी बाळंतविडा घेऊन गेलो. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून खोलीबाहेर पाट टाकून बसलो. दाराला आतून घोंगडी लावलेली. फटीतून कोळशाचा आणि ओव्याचा वास येत होता.

"दादा, आलास?" आतून आवाज आला. थोडं इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ती हळूच म्हणाली, "डोकं फार दुखतं रे. शेगडी आली की जीव घुसमटतो. दुपारी मी निजते तेव्हा दार तेवढं उघडं ठेवा म्हणून सांग ना सासूबाईंना. मी सांगितलं तर बरं दिसत नाही."

"सांगतो."

"आणि इथं खिडकी का नाही काढलीस रे?"

"कोठी होती ना ती," मी म्हणालो.

ती हसली. हसता हसता खोकली.

वकिलीणबाईंनी, म्हणजे आता बहिणीच्या सासूबाईंनी, मला शिरा वाढला. नातू झाल्यामुळे त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. सांगायचं तर तीच वेळ होती. पण मुलीकडच्या माणसानं व्याह्यांच्या घरात तोंड उघडायचं नसतं, असं आईनं निघताना बजावलं होतं. शिवाय चार दिवसांनी बारशाला आई येणारच होती. बायकांचं बायका बघून घेतील, म्हटलं. शिरा खाल्ला, चांगला झालाय म्हणालो, आणि दुपारची मोटार धरली.

तिसऱ्या दिवशी तार आली.

दुपारचा शेक झाल्यावर ती निजली होती. बाळाला ऊन दाखवायला सासूबाई त्याला घेऊन सोप्यात बसल्या होत्या. शेगडी आत, दार बंद, घोंगडी सोडलेली. दिवेलागणीला उठवायला गेल्या तर ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा धूर. एवढासा झरोका असता तरी वाचली असती.

तेराव्यानंतर सासूबाईंनी मला बोलावलं. दहा-बारा दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "त्या खोलीला खिडकी काढून द्या." बैल गेला आणि झोपा केला, असं गावात कुणीतरी म्हणालंच. खोटं नव्हतं. पण त्या घरात आणखी एक सून होती, उद्या मुली माहेरी येणार होत्या.

सांगलीला जाऊन मी तो नकाशा काढला. उजेडाला धरला तर खरवडलेली जागा लख्ख दिसली. आजवर माझं खोडलेलं कुणाला दिसत नाही असं मी समजत होतो. पेन बुडवून पहिली रेघ ओढली आणि शाई फुटली. कापडात चारी बाजूंनी पसरत गेली. घोटायचं माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. साहेब मागं येऊन उभे राहिले. त्या डागाकडे बघून म्हणाले, "तसेच जा. गवंड्याला जागेवरच दाखवा."

मी साताऱ्याला गेलो तेव्हा गवंडी पहार घेऊन आला होता. कोठीच्या भिंती काजळीनं काळ्या झाल्या होत्या. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या.

"हितनं फोडायची व्हय, दादा?" गवंड्यानं विचारलं. "आन् रुंद किती घ्यायची?"

"तीन बाय चार."

"नकाशात आधीही तेवढीच होती ना?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

त्या बाळाच्या टोपड्याची गाठ सारखी करत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी अडाणी बाई. दोन गेली होती म्हणून भ्याले. तुम्ही दोघं शिकलेले. एका बाईनं नको म्हटलं आणि तुम्ही ऐकलंत कसं?"

त्यांना फक्त खिडकीचंच माहीत होतं. दार उघडं ठेवायला सांग म्हणून बहिणीनं मला विनवलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं, आईलाही नव्हतं. आज पहिल्यांदा ते लिहितो आहे.

गवंड्यानं खडू पुढे केला. मी काळ्या भिंतीवर खिडकी आखली. चारी रेघा अगदी सरळ आल्या.