मागे वाजणारा कुकर

स्पीकर घ्यायला गेलं की दुकानदार आधी हेलिकॉप्टर उडवतो. आजचं हे चौथं दुकान. उंच, उभ्या स्पीकरांतून हेलिकॉप्टर छातीवरून गेलं. पाच छोट्या स्पीकरांतून ते डोक्याभोवती फिरलं. "सांगा साहेब, कुठलं आवडलं?" अहो, माझ्या घरात हेलिकॉप्टर येतंच कुठे?

वैतागून मी त्याला माझ्या मोबाइलमधलं आत्याचं गाणं लावायला सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात टेप केलेलं, ती गेल्यावर कॅसेटवरून उतरवून घेतलेलं. उंच स्पीकरांतून आत्या सभागृहात गातेय असं वाटलं. जन्मात ती स्टेजवर चढली नव्हती. छोट्यांतून ती घरातली वाटली, पण आवाज पातळ झाला आणि पेटी पत्र्याची. मी पुन्हा पुन्हा आलटूनपालटून लावायला सांगत राहिलो. शेवटी दुकानदारही कंटाळला.

"साहेब, रेकॉर्डिंगच खराब आहे. मागे कुकर वाजतोय, आणि गाणंही मधेच तुटलंय."

तुटलेलं नाही हो. तिसऱ्या शिट्टीला आत्या गॅस बंद करायला उठली. "उरलेलं जेवणं झाल्यावर म्हणते," म्हणाली आणि पानं वाढायला लागली.

जेवणं झाल्यावर आम्ही सगळे झोपलो.